एकवीस मिलिमीटर

डर्बीत, लिचर्च लेनच्या कारखान्यात
मी सात वर्षं खुर्च्या बसवल्या.
खुर्ची म्हणजे चार बोल्ट, दोन पट्ट्या
आणि वर कुणीतरी बसेल हा भरवसा.

डबे आयर्लंडला जायचे.
तिथले रूळ इथल्यापेक्षा अंमळ रुंद,
पाच फूट तीन इंच.
म्हणून नवेकोरे नारिंगी डबे
उसन्या चाकांवर फाटकाबाहेर पडायचे,
दुसऱ्याच्या चपला घालून परगावी निघाल्यागत.
पुढे बंदर, बोट, आणि आपली चाकं पलीकडच्या काठावर.
ते काही मी बघितलं नाही.
जाऊ जाऊ म्हणता म्हणता
कुमुदच गेली.

आता परसातल्या शेडमध्ये तेच डबे करतो,
शहात्तर पट लहान.
पितळी पत्रा, चिमटा, भिंग,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
एका डब्यात बहात्तर खुर्च्या,
आणि प्रत्येकीखाली चार ठिपके, बोल्टचे.
छत चिकटलं की ते कुणालाच दिसत नाहीत.

दुकानातले रूळ साडेसोळा मिलिमीटर.
सगळे त्यावरच भागवतात.
‘एवढं कोण बघतंय?’ ट्रेवर हॅलम म्हणतो.
क्लबात चहा तोच करतो, त्याचं ऐकून घ्यावं लागतं.
पण पाच फूट तीन इंचांचे होतात एकवीस,
नेमके एकवीस.
मी रूळ हातानं घातले, एकेक स्लीपर चिकटवत.
साडेचार मिलिमीटरसाठी दोन हिवाळे.

अ‍ॅथलोनहून फिन्टन मलक्वीन पत्रं लिहितो.
त्याच्या कपाटात म्हणे दोनशे डबे, आणि जेवायच्या टेबलावर अकरा.
बॅटरीची पेटी डावीकडे की उजवीकडे
यावर आमचं चार महिने भांडण.
शेवटी कळलं,
तो फलाटावरून बघत होता, मी पलीकडच्या बाजूनं.

रंगाचं मात्र जमेना.
डबीवर नारिंगी लिहिलेलं, आत गाजर.
फोटोतला उन्हानं खाल्लेला.
शेंदूर नव्हे, शेंदराला लाली जास्त.
एकदा पपईच्या गराजवळ पोचलो होतो,
वाळल्यावर त्याचा भोपळा झाला.
कुमुद असती तर म्हणाली असती,
मारुतीला फासायला निघालात की काय?
सहा डबे रंगवले.
सहाही खरवडले.

मग मार्चमध्ये पाकीट आलं.
आत कापसात नखाएवढा रंगाचा पापुद्रा.
‘परवा उरलेलेही कापले,’ फिन्टननं लिहिलं होतं,
‘गॅसकटर पोचायच्या आत दाराजवळचा एवढाच निघाला.’

कड भिंगाखाली धरली.
थरांवर थर.
वरचा विटकरीकडे झुकलेला,
मधले दोन त्यांच्या वर्कशॉपचे असणार,
आणि तळाशी, करड्या प्रायमरला चिकटून,
केसाएवढी एक रेघ.
ती आमची.
पेंट शॉपचं दार उघडलं की नाकात जायची ती.

सातवा डबा त्या रेघेचा रंगवला.
जमला.
रुळावर ठेवायला उचलला
आणि तसाच हातात धरून उभा राहिलो.
हा रंग अंगावर होता, तेव्हा मी बघितला तेव्हा,
याच्याखाली ती चाकं नव्हती.
उसनी होती.
साडेसोळाची.

ट्रेवरला सांगितलं तर त्याचा चहा सांडला हसता हसता.
हसू दे.
डबा क्लबातल्या रुळांवर चालतो आता,
दुकानातल्या चाकांवर, हुबेहूब.
‘आत माणसं नाही बसवलीस?’ त्यानं विचारलं.
अजून कुठली माणसं, म्हटलं,
कारखान्यातनं आजच निघालाय.

शेडमध्ये ते एकवीस मिलिमीटर
भिंतीपासून खिडकीपर्यंत रिकामे आहेत.
रविवारी पुसतो.
खऱ्या चाकांची जोडी डबीत तेल लावून ठेवलीय.
बोट कुठं लावायची
ते अजून ठरायचंय.